खडकावरचं बिऱ्हाड

आमच्या हिवाळी तळामागे एक खडक आहे,
बसलेल्या उंटासारखा.
त्याच्या दोन वशिंडांमधल्या खळग्यात
त्या दोघांचं बिऱ्हाड.
माझा गोंचिग होता तेव्हापासून.
त्याच्या बापानंही त्यांना तिथंच पाहिलं होतं.
हीच दोघं की त्यांची पतवंडं, कुणी विचारलं नाही.

घरटं म्हणजे काटक्यांचा ढीग,
दर वर्षी जुन्यावर नवा थर.
आता माणूस उभा राहिला तर बुडेल एवढा.
शहरातून तुमेन आला, दोर लावून वर चढला,
आणि ढासळलेल्या कडेतून काय काय दिसतं
ते ओरडून सांगू लागला:
शेळीची लोकर, वाळलं शेण,
मेंढीचा खूर, तंबूच्या दोरीचा तुकडा,
एका हाताचा लाल मोजा.

मोजा सारुउलचा.
सहा वर्षांची होती, हरवून आली,
म्हणून मी तिला मारलं होतं.

'काढू का?' तुमेन म्हणाला.
नको.
ओढलास तर घर कोसळेल.

अंडं एकच घालतात. दुसरं कधी पाहिलं नाही.
पंचावन्न दिवस आळीपाळीनं बसायचं,
एक उठतं तोवर दुसरं सरकलेलं,
मध्ये वाऱ्याला शिरायला फट नाही.
मी दूध काढता काढता बघायची
आणि धार चुकायची.

मग झुदचं वर्ष.
आधी पाऊस, रात्रीतून उणे चाळीस.
गवत दिसत होतं, काचेखाली.
मेंढ्या खुरांनी खरवडत राहिल्या,
शेवटी एकमेकींची लोकर खाऊ लागल्या.
तीनशे बारा होत्या.
एप्रिलात एकेचाळीस.
मेलेल्यांची मी उतरंड रचली,
दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

आधी कावळे आले, डोळ्यांपुरते.
लांडगा रात्री.
पण गोठलेलं कातडं उघडायला हेच लागतात,
काळे, खांदे कानापर्यंत ओढलेले,
थंडीत पोथी विसरलेल्या म्हाताऱ्या लामांसारखे.
मी दगड मारला.
एवढं खाल्लं होतं की उडता येईना.
पळालं, अडखळलं, थांबून ओकलं,
मग हलकं होऊन उडालं.

मला हसू आलं.
हिवाळाभरातलं पहिलं.
आणि मग मी तिथंच बर्फात खाली बसले.

त्या वर्षीचं पिल्लू चांगलं पोसलं.
माझा कळप त्याच्या पिसापिसात चकाकत होता.
तुमेननं पंखाला हिरवा बिल्ला लावला,
खाली येऊन चहा प्यायला, म्हणाला,
वजन छान आहे.
मी म्हटलं, असणारच.

आईबाप कुठं जात नाहीत.
उणे चाळीसातही खडकावर, वाऱ्याकडे तोंड करून.
जातात ती पोरं,
पहिल्याच शरदात, वाट न विचारता.

सारुउलही त्याच शरदात गेली. कोरियात,
प्लास्टिकचे डबे बनवायच्या कारखान्यात.
एकेचाळीस मेंढ्यांना दोन माणसं कशाला?

जानेवारीत तिचा फोन आला.
'आई, इथं सीमेच्या कुंपणाजवळ
कापलेल्या भातखाचरांत काळे पक्षी उतरलेत,
शंभर तरी असतील.
एक म्हातारा त्यांना डुकराची चरबी टाकतो.
बायका नाक दाबून जातात.
मी सांगितलं, ते आमच्याकडचे आहेत.'

बिल्ला आहे का कुणाला?

'लांब आहेत.'
वाऱ्याचा आवाज आला, तिकडचा.
'एकाला आहे काहीतरी हिरवं.
आकडा दिसत नाही.'

मी खडकाकडे पाहिलं. एकच बसलं होतं.
म्हटलं, मोजे घालत जा. दोन्ही हातांत.

'इथं एवढी थंडी नसते, आई.'